पद्मिनी गाडीच्या दाराचं आतलं पॅनल घरीच करायचं असेल तर

आपल्या लातूरकडच्या उन्हानं रेक्झिन तडकतं हे खरंय, पण पॅनलचा जीव घेतं ते पाणीच. आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे चारी पॅनल दोन वर्षांखाली एकाकडून नवे करून घेतले, एक पावसाळा गेला आन् ड्रायव्हरकडचं खालून पुरीवानी फुगलं. उघडून बघतो तर मागचं प्लास्टिकच गायब, गड्यानं फेकून दिलतं. मग म्हणलं आता आपणच करू.

आधी काच पूर्ण वर घ्या. काचेच्या हँडलच्या बुडाशी वाटी असते ती आत दाबली की बारीक पिन दिसते, खिळ्यानं ठोकून काढायची. वाटी दाबायला दुसरा माणूस घ्या आन् खाली फडकं अंथरा, पिन उडाली की सापडत नाही. काही गाड्यांत पिनऐवजी नालेसारखी क्लिप असते, ती हँडलमागं फडक्याची कड घालून इकडून तिकडं ओढली की निघते. मग आर्मरेस्टचे स्क्रू. पॅनल मधात धरून ओढू नका, हार्डबोर्ड फाटतो, चपटी पट्टी प्रत्येक क्लिपच्या अगदी बुडाशी घालूनच उचका.

सडलेलं पॅनल टाकू नका, तेच माप आहे. खालची कड गेली असेल तर गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या तशाच दाराचं पॅनल पालथं ठेवून आखा.

आता दाराच्या आत बघा. पाऊस काचेला लागून आत उतरतोच, ते पाणी जायला दाराच्या बुडाला भोकं असतात आन् आपल्या काळ्या मातीनं ती गच्च बुजलेली असतात. तारेनं मोकळी करा, काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता, खालून धार लागली तरच पुढं जा. मग प्लास्टिक चिकटवा, त्याची खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत सोडायची, म्हणजे पाणी दारातच पडतं. शेततळ्याचा कागद उरलाय म्हणून तो लावू नका, लई जाड, पॅनल बसतच नाही (मी लावून बघितलाय).

बोर्ड ३ मिमीचा बास. कापून भोकं पाडून आधी कोराच दारावर बसवून बघा, क्लिपचं एक भोक जरी सरकलं तरी रेक्झिन लावल्यावर रडायची पाळी येते. जमलं की दोन्ही बाजू आन् खास करून कडांना ऑइल पेंट मारा, वाळू द्या. वर पातळ फोम, मग रेक्झिन, चहूबाजूनं इंचभर जास्तीचं. रबरी सोल्युशन दोन्हीकडं लावून हाताला चिकटायचं थांबल्यावरच दाबा, ओलं असताना घाई केली तर मे महिन्यात सगळं सुटून येतं. कोपऱ्यावर मागून व्ही आकाराचे काप द्या, नाहीतर गोळा होतो आन् दार लागताना अडतं.

हँडल शेवटी, काच वर असताना, गुडघ्याला लागणार नाही अशा बाजूला तोंड करून.