एनएफएल ड्राफ्टमधील निवडी पारखताना या चुका टाळा

एप्रिल १९९९ मध्ये न्यूयॉर्कला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलचा, ड्राफ्ट (संघांनी नवोदित खेळाडूंची आळीपाळीने निवड करण्याचा कार्यक्रम) झाला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीचा हक्क फिलाडेल्फिया ईगल्सकडे होता. संघाने सिरॅक्यूज विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) डोनोव्हन मॅकनॅब याचे नाव जाहीर करताच फिलाडेल्फियाहून खास आलेल्या चाहत्यांनी सभागृहात हुर्यो उडवली, कारण त्यांना टेक्सास विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) रिकी विल्यम्स हवा होता. पुढे मॅकनॅबने ईगल्सला पाच वेळा कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत आणि एकदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत, नेले. चाहत्यांच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून हा प्रसंग आजही सांगितला जातो, पण ते मला थोडे अन्यायाचे वाटते. विल्यम्सने आदल्याच हंगामात महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानाची हाइझमन ट्रॉफी जिंकली होती, त्यामुळे त्याची मागणी करण्यात वेडेपणा मुळीच नव्हता. ‘जास्त चांगला खेळाडू कोणता’ आणि ‘या क्रमांकाचा जास्त चांगला उपयोग कोणता’ हे दोन निराळे प्रश्न त्यांनी एकच मानले, एवढीच त्यांची चूक होती. आणि ड्राफ्टचे मूल्यमापन करताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ याच गोंधळात सापडते.

लिलावाच्या नजरेने पाहणे

आयपीएलच्या लिलावावर पोसलेल्या आपल्या मराठी प्रेक्षकाकडून, मग तो पुण्यात असो वा न्यू जर्सीत, ही चूक हमखास होते. लिलावात पैसे असतील तर हवा तो खेळाडू मिळवता येतो. ड्राफ्टमध्ये बत्तीस संघ सात फेऱ्यांत, साधारणपणे आदल्या हंगामातील कामगिरीच्या उलट क्रमाने निवड करतात आणि नवोदित खेळाडूचे वेतन त्याच्या निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेलेच असते. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या श्रमकरारापूर्वी असे नव्हते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सेंट लुईस रॅम्सने सुमारे ५ कोटी डॉलर हमी असलेला करार दिला होता. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा संपूर्ण करार सुमारे २ कोटी २० लाख डॉलरचा झाला.

या एका बदलाने प्रत्येक निवडीचे गणित पालटले. संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा असल्यामुळे एखादा खेळाडू किती चांगला खेळतो याइतकेच, तसा खेळ बाजारातून विकत घ्यायचा झाल्यास किती खर्च आला असता, हेही महत्त्वाचे ठरते. सिएटलने २०१२ मध्ये रसेल विल्सनला तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर घेतले आणि उत्तम क्वार्टरबॅक नाममात्र वेतनात मिळाल्यामुळे वाचलेला पैसा बाकीच्या संघावर खर्च करण्याची मोकळीक त्या संघाला मिळाली. रनिंग बॅक बाजारात त्या मानाने स्वस्त मिळतो, म्हणून वरच्या क्रमांकावर तो घेतला की जाणकार नाराज होतात. खेळाडूच्या गुणवत्तेबद्दल त्यांची तक्रार नसते, हे चाहत्याने लक्षात घ्यायला हवे.

न्यूयॉर्क जायंट्सने २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकचे उदाहरण या संदर्भात घोळवून पाहण्यासारखे आहे. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला, म्हणजे खेळाडू ओळखण्यात संघ चुकला नव्हता. परंतु संघाचा क्वार्टरबॅक एली मॅनिंग उतरणीला लागला होता आणि बार्कलीच्या उमेदीच्या सहा वर्षांपैकी बहुतेक वर्षे पराभव पचवण्यात गेली. २०२४ मध्ये तो ईगल्सकडे गेला, त्या हंगामात २००५ यार्ड धावला आणि विजेतेपदही मिळवून बसला. जायंट्सच्या चाहत्यांचे दुःख मी समजू शकतो. तरीही ‘बार्कली वाईट निघाला’ आणि ‘बार्कलीची निवड वाईट होती’ या दोन वाक्यांपैकी पहिले साफ खोटे आहे आणि दुसऱ्यावर अजून बराच वाद घालता येतो.

त्याच रात्री गुण देणे

ड्राफ्ट संपण्याआधीच प्रत्येक संघाची श्रेणी छापून येते. ही श्रेणी प्रत्यक्षात काय मोजते? संघाच्या निवडी समीक्षकांच्या आगाऊ यादीशी किती जुळल्या, एवढेच. विल्सनला घेतले त्याच वर्षी सिएटलने पंधराव्या क्रमांकावर ब्रूस अर्विनला आणि सत्तेचाळीसाव्या क्रमांकावर बॉबी वॅगनरला निवडले, तेव्हा अनेक समीक्षकांनी त्या ड्राफ्टला अगदी तळाची श्रेणी दिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये याच संघाने डेन्व्हरला ४३-८ असे चिरडून सुपर बोल जिंकला. यादी निरुपयोगी असते असे यावरून मी म्हणणार नाही, कारण अनेकांचे एकत्रित मत पुष्कळदा एका संघाच्या हट्टापेक्षा शहाणे असते. पण संघाकडे खेळाडूचे वैद्यकीय अहवाल आणि मुलाखती असतात, तशी माहिती यादी करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे नसते.

निकालावरून निर्णय तोलणे

ही चूक उलट्या टोकाची असून अधिक फसवी आहे, कारण ती करणाऱ्याला आपण धीर धरून न्याय केला असे वाटत असते. पुढे दिग्गज क्वार्टरबॅक ठरलेल्या टॉम ब्रेडीला न्यू इंग्लंडने २००० मध्ये सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर घेतले, ही गोष्ट संघाच्या दूरदृष्टीचा पुरावा म्हणून सांगतात. मात्र त्याच ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंडने ब्रेडीच्या आधी सहा खेळाडू निवडले होते. तो काय होणार हे ठाऊक असते, तर कोणत्याही शहाण्या माणसाने इतका वेळ वाट पाहिली नसती. स्वस्त क्रमांकावर एका होतकरू क्वार्टरबॅकला संधी देण्याची पद्धत चांगली होती, एवढे श्रेय संघाला निश्चित द्यावे. उरलेले नशिबाच्या खात्यात जमा करावे.

२०१७ च्या ड्राफ्टबद्दल शिकागो बेअर्सची जी चेष्टा होते, तीही अशीच सैल आहे. शिकागोने तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर येण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला आणखी तीन निवडी दिल्या (निवडीचे हक्क संघ आपसांत बदलून घेऊ शकतात) आणि पुढे फारसा न चमकलेल्या मिचेल ट्रबिस्की या क्वार्टरबॅकला घेतले. पुढे लीगमधला अव्वल क्वार्टरबॅक ठरलेला पॅट्रिक महोम्स त्यानंतर दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीकडे गेला. कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर येण्यासाठी पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवडही मोजली होती, म्हणजे शिकागोपेक्षा कितीतरी मोठी किंमत दिली होती, हे कुणाला आठवतही नाही. शिवाय महोम्सला तेथे अँडी रीडसारखा प्रशिक्षक लाभला आणि अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून एक वर्ष शिकायला मिळाले. शिकागोत तो हाच महोम्स झाला असता, असे ठामपणे म्हणण्याचा आधार कुणापाशीच नाही. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेट्सकडे गेलेला आणि तेथे फसलेला क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड २०२४ मध्ये मिनेसोटासाठी चौदा सामने जिंकून देतो, तेव्हा जेट्सची निवड चुकली होती की त्यानंतरची जोपासना, हा प्रश्न पुन्हा उघडावाच लागतो.

घड्याळ आणि मोजपट्टी यांच्या मोहात पडणे

इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात ४० यार्डांची धाव टीव्हीवर दिसते, म्हणून ती डोक्यात बसते. २०१७ मध्ये रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) जॉन रॉसने ती ४.२२ सेकंदांत संपवून तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. त्याच वर्षी ४.६२ सेकंद घेणारा रिसीव्हर कूपर कप तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर रॅम्सकडे गेला. रॉसची कारकीर्द कधी बहरली नाही. कपने २०२१ च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला.

उद्याची गरज आजच्या गरजेने मोजणे

ग्रीन बेने २०२० मध्ये, ॲरन रॉजर्स असताना, पहिल्या फेरीत जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक निवडला तेव्हा ‘रिसीव्हर हवा होता’ म्हणून चाहते संतापले. याच संघाने २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह असताना रॉजर्सला चोविसाव्या क्रमांकावर घेऊन तीन वर्षे बाकावर बसवले होते, आणि लव्हही तीन वर्षे थांबून २०२३ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला. लव्हच्या निवडीनंतरच्या दोन्ही हंगामांत रॉजर्स सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्यामुळे चाहत्यांचा राग अगदीच निराधार होता असेही म्हणता येत नाही. एका रिसीव्हरने त्या वर्षी विजेतेपद मिळाले असते का, यावर ग्रीन बेमध्ये अजून भांडणे होत असतील.

मग पारख करावी कशी?

ड्राफ्टच्या रात्रीच चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: क्रमांक, तो मिळवण्यासाठी दिलेली किंमत, खेळाडूकडून अपेक्षित भूमिका आणि पुढच्या दहा-बारा निवडींत त्याच जागेसाठी निवडले गेलेले इतर खेळाडू. तुलना करायची ती या शेजाऱ्यांशीच. पंधरा वर्षांनी हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) गेलेल्या एखाद्या नावाशी नव्हे. केड मॅसी आणि नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांच्या अभ्यासात असे आढळले की एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला खेळाडू सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्केच असते, म्हणजे व्यावसायिक निवडकर्त्यांचीही बाजी नाणेफेकीहून थोडीशीच वरचढ असते. त्यामुळे एकट्या निवडीवरून संघव्यवस्थापकाला डोक्यावर घेऊ नये किंवा पायदळीही तुडवू नये. त्याच्या चार-पाच वर्षांच्या निवडी एकत्र पाहाव्यात आणि ज्याने क्रमांक विकून जास्त निवडी गोळा केल्या, त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

निवाड्यासाठी तीन हंगाम थांबणे योग्य, कारण तेवढ्यात खेळाडू किती वेळ मैदानावर राहिला, दुखापतींनी किती हंगाम खाल्ले आणि प्रशिक्षक बदलले का, हे सारे स्पष्ट झालेले असते. पहिल्या फेरीतील खेळाडूंच्या बाबतीत तर संघालाच आपला निकाल उघड करावा लागतो: तिसरा हंगाम संपल्यानंतर, मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत, करारातील पाचव्या वर्षाचा पर्याय (करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा हक्क) वापरायचा की नाही हे त्याला कळवावे लागते, आणि तो पर्याय नाकारला गेला तर आपल्या टिपणातील त्या नावापुढे कारण शोधून लिहावे.