स्वनिर्मित भाषेसाठी रोमन लेखनपद्धती कशी ठरवावी

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमधून स्थानकांच्या रोमन पाट्या लक्षपूर्वक वाचून पाहाव्यात. ऐरोलीतला ‘ल’ आणि लगेच पुढच्या रबाळ्यातला ‘ळ’ या दोहोंसाठी तिथे एकच ‘एल’ असतो, आणि ठाण्याची पाटी ‘थाने’ अशीही वाचता येते. उच्चार आपल्या तोंडी बसलेले असल्यामुळे आपले अडत नाही. स्वतः रचलेल्या भाषेला मात्र असा जाणता वाचक नसतो, त्यामुळे तिथे सुरुवात अक्षरांपासून नव्हे, ध्वनींपासून करावी.

प्रथम अर्थभेदक ध्वनींची यादी करावी. ‘काल’ आणि ‘काळ’ यांत शेवटच्या ध्वनीनेच अर्थ बदलतो, म्हणून ते दोन ध्वनी वेगळे मोजावेत. याउलट ‘पंख’ आणि ‘पंत’ यांतील अनुस्वारांचे उच्चार भिन्न असले, तरी तो फरक पुढच्या व्यंजनावरून आपोआप ठरतो. तिथे एक चिन्ह पुरते.

त्यानंतर प, त, म यांसारख्या ध्वनींना त्यांची रूढ अक्षरे देऊन टाकावीत. उरलेली अक्षरे हवी तशी वापरण्यास हरकत नाही; 1928 च्या तुर्की वर्णमालेत ‘सी’ हे अक्षर ‘ज’साठी घेतलेले आहे. मात्र असा प्रत्येक निर्णय नव्या वाचकाला समजावून सांगावा लागतो.

खरी अडचण 26 अक्षरे अपुरी पडल्यावर येते. झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये मांडलेल्या एस्पेरांतो या स्वनिर्मित भाषेत सहा अक्षरांवर खुणा आहेत आणि तसे खिळे नसलेल्या छापखान्यांसाठी त्यांपैकी पाच अक्षरांना खुणेऐवजी ‘एच’ जोडण्याची मुभा त्यांनीच दिली. पण ‘फ्लुग’ आणि ‘हावेनो’ मिळून झालेल्या विमानतळाच्या शब्दात ‘जी’पुढे मुळातच ‘एच’ येतो, आणि तो जोड ‘ज’ म्हणून वाचला जाण्याची शक्यता निर्माण होते. आपल्या ‘एकहाती’चेही रोमनमध्ये असेच ‘एखाती’ होते. पुढे काही लेखकांनी ‘एच’ऐवजी ‘एक्स’ जोडला, कारण एस्पेरांतोच्या वर्णमालेत ते अक्षरच नाही. दिसायला ओबडधोबड असली, तरी मला ही युक्ती अधिक चोख वाटते.

मी रचलेल्या भाषेत ‘ळ’साठी मी ‘एल’ दोनदा लिहीत असे. ‘ल’ने संपणाऱ्या नामाला ‘ल’ने सुरू होणारा प्रत्यय लागला, तेव्हा ती पद्धत कोसळली आणि सगळी शब्दसूची पुन्हा लिहावी लागली. म्हणून एका ध्वनीसाठी दोन अक्षरांची जोडी पक्की करण्यापूर्वी प्रत्येक प्रत्यय प्रत्येक प्रकारच्या शब्दान्ताला लावून पाहावा. संघर्ष आढळल्यास मध्ये विभाजक चिन्ह घालण्याचा नियम करावा किंवा जोडीच बदलावी.

शेवटी, साध्या मोबाईलच्या कळफलकावर वीसेक वाक्ये टंकित करून, नियमांचा एकपानी तक्ता सोबत देऊन, ती एखाद्या मित्राकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. तो अडखळेल तिथे त्याला सुधारू नये. त्या जागी पेन्सिलीने खूण करावी.