सुपरचार्ज्ड पिकअपचं पहिलं ट्यूनिंग: माझी नळी कुठे चुकली

मिशिगनमध्ये मास्टर्स करताना २००३ची फोर्ड लाइटनिंग घेतली. म्हणायला एफ-१५० पिकअप, पण आत ५.४ लिटरचं व्ही-८ आणि वर ईटनचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. कंपनीचा इसीयू, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर, काढून मेगास्क्वर्ट बसवला; त्यात ते आकडे स्वतः भरता येतात. वायरिंग, इंजेक्टरचा डेड टाइम, लाइट लावून बेस टायमिंग जुळवणं तुम्हाला येत असेलच. मी जिथे पोळलो तेवढंच सांगतो.

मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) त्याची नळी कुठून घेतो ते दहादा बघा. या इंजिनात हवेच्या वाटेवर आधी थ्रॉटल (पेडलने उघडणारी झडप), मग सुपरचार्जर, मग हवा थंड करणारा इंटरकूलर, शेवटी सिलिंडरांना हवा वाटणारा मॅनिफोल्ड. मी नळी थ्रॉटल आणि सुपरचार्जरच्या मध्ये जोडली, कारण तिथे एक तोंड मोकळं होतं आणि हात पोचत होता. इंजिन बंद, चावी ऑन: ९९ किलोपास्कल. बरोबर. आयडल बरोबर. हलक्या पायावरही सगळं बरोबर! कारण तेव्हा सुपरचार्जरला वळसा घालणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो आणि सुपरचार्जरच्या दोन्ही बाजूंना दाब जवळपास सारखाच असतो. पाय पूर्ण दाबला की बायपास मिटतो. मॅनिफोल्डमध्ये ८ पीएसआय बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब), म्हणजे एकूण साधारण १५५ किलोपास्कल, आणि इसीयूला दिसतात ९८. मग पेट्रोल टेबलातल्या, म्हणजे दाबानुसार भरलेल्या आकड्यांच्या तक्त्यातल्या, ९८च्या ओळीतलं, म्हणजे कमी, आणि स्पार्कही त्याच ओळीतला, माझ्या टेबलात पिस्टन वर पोचण्याच्या २८ अंश आधी. बूस्टखाली इतका लवकर स्पार्क म्हणजे पिस्टनवर हातोडा.

डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या रनला डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. बूस्ट गेजचा काटा ८वर, लॅपटॉपवर ९८. दोन्ही समोर होते, मी फक्त हॉर्सपॉवरचा आलेख बघत होतो. एका पिस्टनची रिंग लँड, म्हणजे रिंगांच्या खाचांमधली कड, तुटली. पुढच्या सेमिस्टरसाठी ठेवलेले पैसे इंजिनात गेले, आणि त्या रविवारी घरी फोन केला तेव्हा बाबांना हे सांगवलं नाही. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

१ बारचा सेन्सर लावलात तरी हेच होईल, १०५च्या आसपास त्याची मजल संपते. हवेच्या तापमानाचा सेन्सरही इंटरकूलरनंतरच हवा.

दुसऱ्याच्या गाडीचा टेबल उचलून आणू नका. पेट्रोलचा टेबल आपोआप दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनवरही मी सुरुवातीला विसंबणार नाही. सेन्सर चुकीचं सांगत असेल तर ते त्या चुकीभोवतीच टेबल रचत जातं, शिवाय स्पार्कला हातच लावत नाही. गुरू शोधायचा तर आधी लॉग, म्हणजे रनमधल्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद, मागणारा शोधा. ‘किती हॉर्सपॉवर निघाली?’ असं पहिल्यांदा विचारणाऱ्याकडे मी शिकायला जाणार नाही.

पण घाबरून सोडून देऊ नका. हे खरंच जमतं, आणि पहिल्यांदा बूस्टमध्ये लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.७८वर स्थिर राहिलेला दिसला की सगळ्या रात्री वसूल होतात. पहिल्या रनला बूस्टच्या ओळींत स्पार्क १२ अंशांवर ठेवा, ३,५०० आरपीएमला पाय काढा, इंजिन बंद करून लॉग उघडा. गेजने बूस्ट दाखवला आणि लॉगमध्ये मॅपचा आकडा १००च्या वर गेलाच नसेल, तर दुसरा रन घेऊ नका. बॉनेट उघडा आणि ती नळी बोटाने शेवटपर्यंत चाचपा.