कुटुंब नियोजनाच्या सर्वेक्षणात 'ऑपरेशन'ची नोंद कशी घ्यावी

"मूल राहू नये म्हणून सध्या काही वापरता का?" असं विचारलं की खेड्यातली बाई सहज "नाही" म्हणते. तिची नसबंदी मात्र दहा वर्षांपूर्वीच झालेली असते. वापरायची ती गोळी, तांबी किंवा निरोध. ऑपरेशन तिच्या लेखी कधीच होऊन गेलं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली होती. त्यामुळे इथे चूक झाली तर गर्भनिरोधक साधनांचा अख्खा तक्ताच फसतो. "नाही" आलं तरी पुढे विचाराच: "तुमचं किंवा मालकांचं ऑपरेशन झालंय का?"

"हो" म्हणाली तरी लगेच नसबंदीचा कोड टाकू नका. सिझर, नसबंदी आणि गर्भपिशवी काढणं, तिन्हीला ऑपरेशनच म्हणतात. बीडकडच्या ऊसतोड कामगार बायकांमध्ये तर पिशवी काढलेल्या पुष्कळ भेटतात. आधी विचारा, "कशाचं ऑपरेशन?" मग "त्यानंतर पाळी येते का?" नसबंदीनंतर पाळी चालू राहते, पिशवी काढल्यावर ती कायमची थांबते. वय चाळिशीच्या पुढे असेल तर पाळी आपसूकही गेलेली असू शकते, म्हणून दवाखान्याचा कागद मागा. सिझरच्या वेळीच नसबंदी झाली असेल तर दोन्ही नोंदी करा.

साधनांकडे वळण्याआधी बाळंतपणं मोजून घ्या: जवळ असलेली मुलं, बाहेरगावी असलेली, आणि जन्मून गेलेली. ही शेवटची विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मग विचारा, "दिवस राहिले पण पुढे गेले नाहीत, असं कधी झालं?" गर्भपाताची गोष्ट बऱ्याचदा "क्युरेटिंग केलं" अशी येते, गर्भ आपोआप पडला होता की पाडला, हे हळुवारपणे विचारावं लागतं.

मागच्या पाच वर्षांच्या तक्त्यात दर महिन्याला एक अशा ६० चौकटी असतात. बाळंतपणाचा महिना पक्का करा आणि नऊ महिने भरले असतील तर त्याआधीच्या आठ चौकटींत गर्भारपण भरा. महिना आठवत नसेल तर पंचमी, दिवाळी किंवा ऊसतोडीला निघण्याचा दिवस धरून मागे जा. साधनांची पडताळणीही इथेच होते. 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घेतात. बाई "रोज घेते" म्हणाली तर बहुधा ती रोजची गोळी 'माला-एन' असते. 'अंतरा'चं गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. चार आठवड्यांहून जास्त उशीर झाला असेल तर 'सध्या वापरते' असं लिहू नका.

हे सगळं बाई एकटी असतानाच विचारायचं. 'अंतरा' घरच्यांना न सांगता घेणाऱ्या असतात आणि एका वाक्याने त्यांचं घर पेटू शकतं. सासूबाई आत आल्या की पाणी, शौचालय, रेशनकार्ड अशा प्रश्नांवर या. सर्वेक्षणातली जोडीदारीण सोबत असेल तर तिने सासूबाईंना ओसरीवर नेऊन घरातल्या माणसांची यादी भरत बसावं. एकांत मिळालाच नाही तर फॉर्म 'अपूर्ण' ठेवा आणि दुपारी, माणसं शेतात गेल्यावर, पुन्हा जा.