कूलरची हवा गार का लागते, हे मुलांना समजावताना

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की खिडकीतला कूलर हेच मुलांच्या रोजच्या पाहण्यातले सर्वांत मोठे यंत्र ठरते. ‘पाणी गार असते म्हणून हवा गार येते’ असे उत्तर आपण सवयीने देऊन टाकतो. ते चुकीचे आहे आणि मुलांना ते स्वतः पडताळता येते. भर दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी फार तापलेले नाही ना, हे आधी आपण पाहावे, मग मुलाला त्यात बोट बुडवू द्यावे आणि असले कोमट पाणी भरूनही हवा गार कशी येते, असे त्यालाच विचारावे. उत्तराची घाई करू नये.

त्यानंतर त्याचे एक मनगट ओल्या रुमालाने पुसून दोन्ही हात पंख्यासमोर धरायला सांगावे. ओले मनगट गार पडते आणि थोड्याच वेळात कोरडेही होते. पाणी गेले कोठे? त्याची वाफ झाली आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता त्याने त्वचेतून घेतली. मोठ्या मुलांना हेही सांगावे, की २० अंशांचे पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते.

आता कूलर उघडावा. मात्र केवळ बटण बंद करून भागत नाही, आधी पिन काढलीच पाहिजे, कारण लोखंडी कूलरमध्ये वीज उतरली तर ते जिवावर बेतते. पंप पाणी वर चढवतो, ते वाळ्याच्या किंवा लाकडाच्या तुसाच्या ताट्यांवरून झिरपते आणि पंखा खोलीत हवा फेकताना बाहेरची तप्त हवा त्या ताट्यांतून आत ओढतो. मनगटावरच्या पाण्याने त्वचेतून उष्णता घेतली, तशीच ताट्यांवरचे पाणी वाफ होताना ती या हवेतून घेते आणि हवा गार होते. पंखा ताट्यांवर हवा मारतो, असा मुलांचा हमखास समज असतो. चालू कूलरच्या मागील जाळीपाशी आपण स्वतः कागदाची पट्टी धरून दाखवली, की ती जाळीला चिकटते आणि तो समज दूर होतो. ताट्या तंतूंच्या गुंत्याच्या का असतात, हे घडी घातलेला आणि पसरलेला असे दोन ओले रुमाल वाळत घालून कळते: पसरलेला आधी वाळतो, कारण त्याचा जास्त भाग हवेला लागतो.

प्रयोगशाळेत वापरतात तसे दोन तापमापक मिळाले, तर एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून दोन्ही सावलीत, वाऱ्यावर टांगावेत. तापाचा तापमापक येथे चालत नाही. मे महिन्यातील कोरड्या दुपारी दोहोंत १५ अंशांहून अधिक फरक पडू शकतो. तो आकडा मुलाने वहीत लिहून ठेवावा आणि जुलैत, हवा बाष्पाने भरलेली असताना, पुन्हा मोजावे. फरक किती आटला हे पाहून, पावसाळ्यात कूलर लावला तरी अंग चिकचिक का होते आणि उन्हाळ्यातही समोरचे दार थोडे उघडे का ठेवावे लागते, हे मूल स्वतःच सांगू लागते.