सगळंच ठळक, म्हणून काहीच दिसेना

रक्तदान शिबिराचं ए३ पोस्टर केलं होतं. तारीख लाल, ठिकाण पिवळं, पाहुण्यांची नावं बोल्ड, शिवाय चारही कोपऱ्यांत थेंब. भिंतीवर लावून दहा फुटांवरून डोळे किलकिले करून पाहिलं, तर नुसता गोंगाट.

मग ‘रक्तदान’ हा एकच शब्द १६० पॉइंटला (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) नेला. तारीख ५४, बाकी मजकूर २४. लाल रंग फक्त त्या शब्दाला, उरलेलं सगळं काळं-करडं. कोपऱ्यांतले थेंब काढून टाकले. शब्दाभोवती मोकळी जागा सोडली, निम्मं काम तिनेच केलं. (देवनागरीत वेलांट्या-उकारांना वर-खाली जागा लागते, ओळी चिकटवल्या की ठळक अक्षरांचा चिखल होतो.) पाहुण्यांची नावं तळाला गेली. त्यावरून मंडळात कुरकुर झाली, ती ऐकून घेतली.