लॅबमधला सूर्य लावताना: सोलर सेल टेस्टिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. फिजिक्स झाल्यावर रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मला पहिली नोकरी लागली, तीही भर जुलैत. ठाण्याहून वाशी लोकल पकडायची, रबाळ्याला उतरायचं, छत्री झटकत आत शिरायचं. बाहेर आठ-आठ दिवस उन्हाचा पत्ता नाही आणि माझं काम काय, तर सोलर सेलवर ऊन पाडून त्यांची वीज मोजायची. ते ऊन यायचं सोलर सिम्युलेटरमधून, म्हणजे उन्हासारखा प्रकाश देणाऱ्या दिव्याच्या यंत्रातून.

आई विचारायची, खरा सूर्य असताना दिवा कशाला? प्रश्न रास्त आहे. खरं ऊन दर तासाला बदलतं. त्यामुळे दोन ठिकाणी मोजलेल्या सेलची तुलना करायची तर ऊन आधी ठरवून घ्यावं लागतं. जगभर ठरलेलं माप असं: दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश, सेलचं तापमान २५ अंश सेल्सियस आणि प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे त्यात कुठला रंग किती, तो एएम (एअर मास) १.५. म्हणजे वातावरणाच्या दीडपट जाडीतून आलेलं ऊन. त्या वेळी सूर्य डोक्यावरून सुमारे ४८ अंश कललेला असतो. मी ठाण्यासाठी हिशेब करून पाहिला. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. २२ डिसेंबरलाही तो दुपारी ४३ अंशांच्या आतच राहतो. म्हणजे ठाण्यात वर्षातल्या एकाही भर दुपारी एएम १.५ मिळत नाही. ते सकाळी किंवा दुपार कलल्यावर गाठावं लागतं. हे कळल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला: आपला दिवा खिडकीबाहेरच्या सूर्याची नाही, कागदावर ठरवलेल्या सूर्याची नक्कल करतो.

ती नक्कल किती जमली हे तीन अक्षरांत सांगतात. ‘एएए’मधलं पहिलं अक्षर वर्णपटाचं, दुसरं प्रकाश सगळीकडे सारखा पडण्याचं, तिसरं तो स्थिर राहण्याचं. शेवटच्या दोन्हींत ‘ए’ला २ टक्क्यांपर्यंतच मुभा आहे, पण वर्णपटाच्या प्रत्येक पट्ट्यात तब्बल २५ टक्के कमी-जास्त चालतं. सिम्युलेटरमध्ये झेनॉन वायूचा दिवा असेल तर त्याला इन्फ्रारेडमध्ये उंच सुळके असतात, फिल्टर लावून ते खाली आणावे लागतात. म्हणून यंत्रावरचं ‘एएए’ वाचून निर्धास्त होऊ नका. दिव्याची तीव्रता ज्या रेफरन्स सेलवर (आधीच मोजून प्रमाणित केलेल्या सेलवर) बघून ठरवता, तो तुमच्या सेलच्याच जातीचा हवा, आणि दोघांचे पृष्ठभाग एकाच उंचीवर हवेत. रेफरन्स सेल डबीत बसवलेला असतो, आपला सेल चकवर, म्हणजे सेल ठेवायच्या सपाट बैठकीवर. तेवढ्या फरकानेही आकडा हलतो.

आता माझी चूक, कारण ती तुम्हीही कराल. लॅबमध्ये दिव्याची व्यवस्था पाहणारे एक काका होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, “पोरी, दिवा लावलास की चहा पिऊन ये. अर्धा तास त्याला हात लावू नकोस.” ते मी पाळलं. पण चक गार ठेवणाऱ्या चिलरचं बटण दाबायला विसरले. वीस सेलची बॅच ओळीने मोजली. पहिल्याचं व्होल्टेज ०.६१, शेवटच्याचं ०.५८. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, बॅच शेवटाकडे बिघडत गेली. सेल बनवणाऱ्या टीमने दोन दिवस भट्टीत दोष शोधला. दोष भट्टीत नव्हताच, चक तापत गेला होता. सिलिकॉनचं व्होल्टेज एका अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. १५ अंश वाढले की ३० मिलिव्होल्ट गेलेच. खूण समोरच होती: व्होल्टेज उतरत असताना करंट किंचित चढत होता. उष्णतेने असंच होतं. तेव्हापासून संशय आला की मी तीच बॅच उलट्या क्रमाने पुन्हा मोजते.

सेलच्या क्षेत्रफळातही अशीच फसगत होते. व्होल्टेज ०.६१, दर चौरस सेंटिमीटरला ३६ मिलिअँपिअर, फिल फॅक्टर (व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारातला प्रत्यक्ष हाती येणारा वाटा) ०.७६, यांचा गुणाकार १६.७ मिलिवॅट, तेवढ्याच जागेवर पडणारा प्रकाश १०० मिलिवॅट, म्हणून कार्यक्षमता १६.७ टक्के. गणित शाळकरी आहे, पण लहान सेलवर काळा मास्क, म्हणजे मोजलेल्या भोकाचं झाकण, नसेल तर कडेचा प्रकाशही वीज देतो आणि आकडा उगाच फुगतो. मोठ्या सेलला चार तारांनीच जोडा: दोन करंटसाठी, दोन फक्त व्होल्टेज मोजायला. ९ अँपिअर वाहत असताना जोडणीतला शंभरावा भाग ओहमसुद्धा ९० मिलिव्होल्ट खातो.

झेनॉन दिव्याच्या आत गार असतानाही दाब असतो. तो बदलताना चेहऱ्यावर शील्ड हवी, काचेला उघडं बोट लावायचं नाही आणि चालू दिव्याकडे बघायचं नाही. यात कुणी घाई केली तर थेट थांबवा, वयाने मोठं असलं तरी.

काकांच्या खणात एक जुना सेल होता, ‘घरचा सेल’. रोज सकाळी आधी तोच मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. ऑगस्टमध्ये एकदा त्याचा करंट नेहमीपेक्षा ४ टक्के जास्त आला. मला आनंद झाला. काकांनी काम थांबवलं. रेफरन्स सेलच्या काचेवर कुणाच्या तरी बोटाचा तेलकट ठसा होता. त्यामुळे तो कमी दाखवत होता, आणि तो १००० वॅट दाखवेपर्यंत मी दिवा वाढवत नेला होता. काच पुसली, दिवा पुन्हा लावला, घरचा सेल आपल्या आकड्यावर परतला. मगच त्या दिवसाची बॅच बाहेर काढली.